अर्धी घडी

गोरोकाच्या विमानतळावर, सकाळी सहाला,
पंखांवरचं दव अजून सुकलेलं नसताना
कॅप्टन केपास यांगो पिशवीतून
एक जुनं लापलाप काढतो,
लाल फुलांचं, कडेला विरलेलं,
बहुतेक बायकोचं,
आणि माझ्यासमोरचे दोन्ही पडदे झाकून टाकतो.

"हं. आता उडव."

मी केर्न्सला शिकले.
तिथे सगळं काचेत असायचं:
डोंगर आधी हिरवे, जवळ आले की पिवळे,
अंगावर आले की लाल.
जांभळ्या रेघेवर विमान सोडून द्यायचं,
भरतीबरोबर होडी किनाऱ्याला लागते
तसं ते आपलं आपण पोचायचं.

इथे मला ऐकायला लावतात.
वाऱ्याची शिट्टी पातळ झाली, म्हणजे वेग उतरतोय.
कंबर एका बाजूला घसरली, म्हणजे पाय झोपलाय.
नाकाच्या वर चार बोटं आभाळ,
त्याहून जास्त नको.
"नियालिन, खाली काय आहे?"
नदी.
"कुठली?"
मी गप्प.
"नदीला नाव नसेल तर तू हरवलीस."

मानुसला माझ्या बापाच्या होडीवर
चाळीस घोड्यांचं इंजिन होतं
आणि तळाशी एक वल्हं,
कधीच न लागलेलं.
एका रात्री प्रवाळाच्या बाहेर इंजिन बसलं.
बापाने वल्हं उचललं, पाण्यात घातलं,
आणि पहिल्याच ओढीला ते मधोमध मोडलं.
आतून पोकळ, किडीने खाल्लेलं.
हे मी केपासला सांगितलेलं नाही.
त्याला फार आनंद झाला असता.

मग ऑगस्टातला तो गुरुवार.
मागे मासळीचे डबे, छपराचे पत्रे, शाळेसाठी खडू,
आणि बिलुममध्ये डुकराचं पिल्लू घेऊन बसलेली
एक बाई, पहिल्यांदाच विमानात.
यापुलेमची पट्टी म्हणजे डोंगराला टेकवलेली शिडी.
चढावर उतरायचं, समोर भिंत,
शेवटच्या वळणानंतर माघार नाही.
ढग दहाच्या आधीच खोऱ्यात उतरले होते.

"डावीकडे," केपास म्हणाला,
"तो पांढरा ओरखडा दिसतो ना, कोसळलेल्या कड्याचा,
त्याच्या पलीकडे खिंड.
एकतीस वर्षं जातोय मी तिथून."
ओरखडा मलाही दिसत होता.
मी डावीकडे वळले.

लापलापाखालून आवाज आला,
कोणाचं तरी तोंड दाबल्यासारखा:
टेरेन. टेरेन.

"ते असंच ओरडतं इथे," तो म्हणाला.
खरं होतं. ते असंच ओरडतं इथे.
पण कापड मी ओढलंच, न विचारता.
सगळी काच लाल.
खिंड नव्हती. एक बोटही नाही.

उजवीकडे, पूर्ण ताकद,
पंख खाली, नाक तिथेच, चार बोटं आभाळ,
कानात तीच शिट्टी, पातळ होऊ द्यायची नाही.
त्या वळणात पडद्याकडे बघायला
मला वेळ नव्हता.
मागे पिल्लू किंचाळत होतं.
केपासचे हात मांडीवर होते, उताणे.

गोरोकाला उतरल्यावर त्याने सुपारी फोडली,
चुना लावला, बराच वेळ चावली.
"दोन ओरखडे आहेत आता," तो म्हणाला.
"मागच्या महिन्यातला भूकंप."
थुंकला. लाल.
आणि मग, माझ्याकडे न बघता:
"वळण बरं होतं."

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, कापड येणार नाही.
आलं.
त्याने ते उलगडलं, थांबला,
पुन्हा मधोमध दुमडलं
आणि एकाच पडद्यावर टाकलं.
कुठला झाकायचा, ते तो रोज सकाळी ठरवतो.
कधी कधी, फार क्वचित,
मला विचारतो.